हातची जागा, शेवटच्या फेरीआधी

मिळालेल्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा, फी भरायची, वसतिगृहात खाट घ्यायची आणि त्याच वर्षी दुसरीकडच्या प्रवेशासाठी पुन्हा परीक्षेची तयारी करायची. मुलं याला पार्शल ड्रॉप म्हणतात. एक अख्खं वर्ष ड्रॉप घेऊन झाल्यावरही मनासारखं मिळालं नाही, की पुष्कळ घरांत हा विषय निघतो. आमच्याकडे तो 2025 च्या जुलैत निघाला.

माझ्या थोरल्या भावाचा नातू 2024 मध्ये भिलाईतून बारावी झाला. त्या वर्षी आयआयटी हुकली. मग तो नागपूरला माझ्या घरी राहून वर्षभर क्लासला गेला. दुसऱ्या वर्षीही जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जमलं नाही. पण जेईई मेनच्या रँकवर जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित जागावाटपाच्या, फेरीत एनआयटी रायपूरला मेटलर्जीची जागा मिळाली. त्याला हवं होतं कॉम्प्युटर सायन्स. अ‍ॅडव्हान्स्डच्या दोन्ही संधी संपल्या होत्या, मात्र मेन सलग तीन वर्षं देता येते, म्हणजे 2026 ची संधी शिल्लक होती. जागा घेतो, रायपूरला जातो आणि मेन पुन्हा देतो, असं त्याचं म्हणणं.

दादा भिलाई स्टील प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसमधून निवृत्त झाला. तिथेच मरोद्यात त्याचं घर आहे. मी नागपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं. जोसाची शेवटची फेरी अजून व्हायची होती, आणि त्यापूर्वी काय ते ठरवायचं म्हणून मी मरोद्याला गेले होते. आमचं बोलणं बरंच लांबलं. त्यातलं जे इतरांच्याही उपयोगाचं वाटलं ते इथे देते आहे.

दादा : बाई, पोरानं जागा घेतली ते चांगलं केलं. पण घेतल्या दिवशीच म्हणून राहिला, की जानेवारीत पुन्हा परीक्षा देतो. मग घेतली काहून?

मी : हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, हे तूच आम्हाला शिकवलंस.

दादा : हातचं धरून पळत्याच्या मागे लागावं, हे नाही शिकवलं. दोन्ही हात एकाच जागी गुंतवल्याशिवाय इंजिनिअरिंग होत नाही. आणि ही जागा काय सामान्य आहे? रायपूरचं ते कॉलेज 1956 मध्ये निघालं तेव्हा विषयच दोन होते, मायनिंग आणि मेटलर्जी. राजेंद्र प्रसादांनी पाया घातला. त्यांच्याच हातून 4 फेब्रुवारी 1959 ला आपल्या प्लांटची पहिली भट्टी सुरू झाली. दल्लीराजहराच्या खाणी, ही भट्टी आणि ते कॉलेज, सगळं एकमेकांसाठी उभं राहिलं. आजही खाणीकडची गाडी मरोदा स्टेशनावरूनच जाते. आणि आपला पोरगा म्हणतो, मेटलर्जी मिळाली, म्हणजे काहीच मिळालं नाही!

मी : तो असं म्हणत नाही. त्याला प्रोग्रामिंग आवडतं. नागपूरला अभ्यास आटोपला की रात्री तेच करत बसायचा, मी पाहिलं आहे.

दादा : आवडू दे ना. पण न आवडणारी गोष्ट त्यानं पाहिली तरी आहे का? कास्ट हाउसमध्ये टॅपहोल ड्रिलनं उघडलं की धातू रनरमधून धावतो. त्याच्या ठिणग्यांकडे पाहून सिलिकॉन जास्त की कमी, हे लॅबचा कागद येण्याआधी सांगणारी माणसं आमच्यात होती. पण का, ते त्यांना सांगता यायचं नाही. ते सांगणारा मेटलर्जीवाला शिफ्टमध्ये असला की आम्ही त्याच्याभोवती उभे राहायचो. मड गननं तोंड बंद होईपर्यंत तो शिकवत असायचा. हे काम कमी दर्जाचं कधीपासून झालं?

दादाच्या या बोलण्यात दुखावलेपण होतं, आणि ते खरं होतं. जिथे तीन पिढ्यांचा भात लोखंडातून आला, तिथे मेटलर्जी म्हणजे उरलेली शाखा असं धरून चालणं त्याला लागणारच. पण नातवाचा निर्णय आजोबांच्या आयुष्याच्या मानासाठी व्हायला नको, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. म्हणून मी विषय शाखेवरून उचलून जागेवर आणला.

मी : दादा, शाखेचं बाजूला ठेव. जागा धरून ठेवून वरच्या जागेसाठी हात लांबवणं यात गैर काय, ते सांग. व्यवस्थाच ती सोय देते. जोसाच्या पानावर जागा मिळाली की तीन पर्याय येतात. फ्रीझ, म्हणजे हीच बरी, पुढे काही नको. स्लाइड, म्हणजे संस्था हीच, पण शाखा वरची मिळाली तर द्या. फ्लोट, म्हणजे ही राहू द्या, आणि माझ्या यादीत याच्या वरचं कुठलंही मोकळं झालं तर ते द्या. फ्लोट करणाऱ्या हजारो मुलांना आपण लबाड म्हणतो का?

दादा : नाही म्हणत. पण फ्लोटमध्ये काय होतं ते पूर्ण सांग. त्याला वरची जागा मिळाली की खालची त्याच घटकेला सुटते, आणि पुढच्या फेरीत दुसऱ्या पोराला जाते. बरोबर?

मी : बरोबर.

दादा : मग पार्शल ड्रॉपवाला पुढच्या वर्षी उठून गेला, तर त्याची जागा कोणाला जाते?

या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. जोसाच्या फेऱ्या संपल्यावर एनआयटींच्या उरलेल्या जागांसाठी सीसॅबच्या विशेष फेऱ्या होतात. त्याही संपल्या की त्या वर्षाची दारं बंद. पहिलं वर्ष करून मुलगा उठला, तर ती खुर्ची पुढची तीन वर्षं रिकामी राहू शकते. शाखा बदलून आतलाच कोणी तिथे सरकला, तरी त्याची जुनी खुर्ची रिकामी होतेच. बाहेर राहिलेल्या मुलाला त्यातलं काही मिळत नाही. त्यातून ही जागा गृहराज्याच्या कोट्यातली. एनआयटीच्या निम्म्या जागा त्या राज्यातून बारावी झालेल्यांना असतात. म्हणजे आमच्या मुलानं धरलेल्या जागेच्या खाली बसलेला मुलगा छत्तीसगडचाच असण्याची शक्यता फार. जगदलपूरचा असेल, कांकेरचा असेल, मरोद्याशेजारच्या नेवईचाही असेल.

(एक गोष्ट पालकांच्या लक्षात राहत नाही, म्हणून सांगते. ड्रॉपचं वर्ष तुम्ही नागपूरला काढा की कोट्याला, गृहराज्य ठरतं ते बारावी जिथून झाली त्यावरून. आमचा मुलगा वर्षभर माझ्या घरी राहिला, घरी मराठी बोलतो, पण नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी तो परराज्यातलाच. त्यामुळे तिथलं कॉम्प्युटर सायन्स त्याच्यासाठी दिसतं त्याहून लांब आहे.)

मी : तुझा मुद्दा मला मान्य आहे. पण दुसरी बाजू पाहा. जागा सोडून पुन्हा पूर्ण वर्ष घरी बसायचं म्हणजे कशाच्या भरवशावर? नियमांच्या? मागच्या नोव्हेंबरात काय झालं, आठवतं ना? 5 नोव्हेंबर 2024 ला जाहीर झालं, की अ‍ॅडव्हान्स्ड आता दोनदा नाही, तीनदा देता येईल. हा तेव्हा माझ्याकडेच होता. रात्री धावत स्वयंपाकघरात आला, म्हणाला, आत्याआजी, अजून एक वर्ष मिळालं. आणि 18 तारखेला ते मागे घेतलं.

दादा : मला फोन केला होता त्यानं. आवाजच फुटत नव्हता.

मी : याचं निदान नुकसान काही झालं नाही. पण त्या तेरा दिवसांत काही मुलांनी तिसऱ्या संधीच्या विश्वासावर आपलं कॉलेज सोडलं होतं. त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. 10 जानेवारी 2025 ला न्यायालयानं त्या तेरा दिवसांत कॉलेज सोडलेल्यांना परीक्षेची नोंदणी करू दिली, पण नियम मागे घेणं चूक ठरवलं नाही. म्हणजे जे गेले, भांडले, त्यांना मिळालं. मरोद्यातल्या मुलानं दिल्लीला वकील कुठून करायचा? व्यवस्था जर अशी तेरा दिवसांत बदलणार असेल, तर मुलानं हातची जागा घट्ट धरली यात मला स्वार्थ दिसत नाही. त्याच्याकडे दुसरं संरक्षणच नाही.

दादा : हे पटलं. पण त्यांना फसवलं होतं. याला कोणी फसवलेलं नाही. याला मिळालेलं कमी वाटून राहिलं, एवढंच.

मी : आणि कमी वाटणं हा गुन्हा आहे?

दादा : गुन्हा नाही बाप्पा. पण त्याची किंमत दुसऱ्यानं काहून द्यायची?

बाहेरच्या देशांत हा प्रश्न कसा सोडवतात, ते मी दादाला सांगितलं, कारण आपल्याकडे गॅप इअरची चर्चा तिकडच्या उदाहरणांवरच चालते. इंग्लंड-अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत प्रवेश मिळाल्यावर वर्षभर थांबून पुढच्या वर्षी येण्याची मुभा मागता येते. विद्यापीठ ती जागा मुलासाठी, स्वतःच्या माहितीनं, राखून ठेवतं. पण त्यासोबत बंधनही येतं. इंग्लंडच्या यूकॅस या सामाईक प्रवेशव्यवस्थेत पुढच्या वर्षाची पक्की जागा स्वीकारली असेल, तर ती सोडल्याशिवाय पुढच्या फेरीत नव्यानं अर्ज करता येत नाही. अमेरिकेतही पुष्कळ कॉलेजं थांबण्याची परवानगी देताना मधल्या वर्षात दुसरीकडे अर्ज करणार नाही, असं मुलाकडून लिहून घेतात.

दादाला हे एकदम आवडलं. तो म्हणाला, हेच तर मी म्हणतो. मी म्हटलं, थांब, अर्धंच ऐकू नको. तिकडे जागा राखली जाते म्हणून बंधन येतं. आपल्याकडे एनआयटीची जागा पुढच्या वर्षासाठी कोणी राखत नाही. यंदा रुजू झालास तर तुझी, नाही तर गेली. राखण्याची सोय नसताना बंधन तेवढं आणायचं, हा न्याय कुठला? आपला मुलगा वर्गात बसणार आहे, सत्राची साडेबासष्ट हजार शिकवणी फी भरणार आहे, परीक्षा देणार आहे. त्यानं जागा अडवलेली नाही, वापरलेली आहे. फक्त पुढे काय करीन याची हमी तो देत नाही. तशी हमी इतर कोणीही देत नाही.

फीचा विषय निघाला तेव्हा दादानं हात झटकला. पैशाचं मी पाहीन, म्हणाला. पण सगळ्या घरांत पाहणारा आजोबा नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 चा परताव्याचा नियम या दृष्टीनं वाचण्यासारखा आहे. प्रवेशाची जाहीर केलेली शेवटची तारीख यायला पंधरा दिवस किंवा जास्त असतील, तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण फी परत मिळते. त्यानंतर टप्प्याटप्प्यानं कपात वाढते, आणि शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. मूळ कागदपत्रं कॉलेजनं अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्यात आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची बारावीची गुणपत्रिका एका खासगी कॉलेजनं फीसाठी अडवून ठेवली होती. नियम छापून दाखवल्यावर ती मिळाली. एनआयटीचं आणि जोसाचं परताव्याचं गणित वेगळं आहे, पण तत्त्व तेच. लवकर सोडणाऱ्याचं नुकसान कमी, कारण त्याच्यामुळे होणारं नुकसानही कमी.

तोपर्यंत मुलगा आतल्या खोलीत होता. दादानं त्याला बोलावलं आणि समोर बसवून विचारलं, तू मेटलर्जी सोडणार हे ठरलंच आहे का? खरं सांग.

तो म्हणाला, ठरलेलं नाही. मेटलर्जी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण अजून एकदा दिली असती तर कॉम्प्युटर मिळालं असतं, असं मला चार वर्षं वाटत राहील. ते घेऊन मला वर्गात बसायचं नाही.

मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं, आणि माझं मत तिथेच पक्कं झालं. या मुलाच्या मनात राहण्याची शक्यता जिवंत आहे. तशी ती असेल तर जागा घेणं रास्त आहे, मग पुढे तो काहीही करो. पण ज्या मुलाचं सोडायचंच ठरलं आहे, फक्त घरच्यांच्या समाधानासाठी जो नाव घालून ठेवतो आहे, त्यानं शेवटच्या फेरीआधी माघार घ्यावी. जोसात तशी माघार घेता येते, आणि ती जागा पुढच्या फेरीत खरोखर दुसऱ्याच्या हाती जाते. हे मी त्याला तिथेच सांगितलं. आणि हेही, की आपलं मन कुठल्या बाजूला आहे हे आमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं, म्हणून शेवटचं बटण त्यानंच दाबायचं.

दादा : आणि समज याला मेटलर्जीच्या ऐवजी इथे कुटेलाभाट्याच्या आयआयटीत काही मिळालं असतं, मग?

हा प्रश्न भिलाईत अगदी घरातला आहे. आयआयटी भिलाई 2016 पासून रायपूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात चालली. कुटेलाभाट्याचा तिचा स्वतःचा परिसर 20 फेब्रुवारी 2024 ला पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केला. सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर आयआयटी, म्हटल्यावर दुर्ग-भिलाईचे आईबाप पहिल्या प्रयत्नात तिथली कुठलीही शाखा मिळाली तरी मुलाला म्हणतात, घेऊन तर ठेव, पुढच्या वर्षी मुंबईसाठी बस. इथेच घात होतो. एनआयटीत बसलेला मुलगा, संधी उरली असेल तर, पुन्हा अ‍ॅडव्हान्स्डही देऊ शकतो. पण कुठल्याही आयआयटीची जागा स्वीकारून शेवटच्या फेरीपर्यंत ठेवली, की अ‍ॅडव्हान्स्डचं दार बंद. मग तुम्ही वर्गात एक दिवसही गेला नाहीत, तरी. त्याआधी माघार घेतली तरच दुसरी संधी शाबूत राहते. म्हणजे आयआयटींनी दादाचंच म्हणणं नियमात बसवलं आहे, आमच्याकडची जागा घेतलीस तर आमच्याच दुसऱ्या दारात पुन्हा उभं राहू नको. हा नियम कडक आहे, पण मला तो योग्य वाटतो, कारण तो आधीपासून लिहिलेला आहे आणि सगळ्यांना सारखा आहे. पण क्लासवाले तो फॉर्म भरण्याच्या वेळी सांगतात का, याची मला शंका आहे.

दादा : ठीक आहे. राहण्याच्या तयारीनं जा. पण मग परीक्षा कशी देणार? जानेवारीची मेन म्हणजे पहिलं सत्र नुकतं संपलेलं. एप्रिलची मेन म्हणजे दुसऱ्या सत्राच्या ऐन मध्ये. पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. रात्री बारावीचं ऑरगॅनिक वाचशील आणि सकाळी मेकॅनिक्सच्या वर्गात झोपशील. मी नाइट शिफ्ट केली आहे, मला माहीत आहे शरीर काय देतं आणि काय नाही देत.

मी : ही भीती खरी आहे. पहिल्या वर्षी गणित आणि भौतिकशास्त्र थोडं जुळतं, पण रसायनशास्त्र जुळत नाही. माझ्या वर्गातून गेलेल्या मुलांत असं दोन्हीकडे धावून दोन्हीकडे कमी गुण मिळवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा पहिल्या वर्षीच मन लावून चांगले गुण मिळवले, तर बऱ्याच संस्थांत त्या गुणांवर शाखा बदलायची सोय असते. कॉम्प्युटरकडे जायचा तो रस्ता परीक्षेपेक्षा सोपा नाही, पण त्यात मागे पडायचं काही नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे गेला तर पुन्हा पहिल्या वर्षापासून. 2024 ला बारावी, 2026 ला पहिलं वर्ष, आणि रायपूरला भरलेल्या एका वर्षाच्या फीवर पाणी.

मुलगा म्हणाला, आत्याआजी, तुम्ही माझ्या बाजूनं आहात की आजोबांच्या?

मी म्हटलं, तू जागा घ्यावीस आणि परीक्षा द्यावीस, या बाजूनं आहे. तू स्वतःला दोन्हीकडे फसवू नयेस, याही बाजूनं आहे.

दादानं मग आपली अट सांगितली, आणि ती मला वाटलं त्यापेक्षा उदार होती. पहिलं सत्र पूर्ण रायपूरचं. हजेरी, प्रयोगशाळा, मित्र, सगळं. पुस्तकांची पेटी मरोद्यातच ठेवायची. मेनचा फॉर्म निघाला की भरायचा, दिवाळीनंतर सुट्टीच्या दिवशी घरी येऊन तयारी करायची आणि जानेवारीचा पेपर द्यायचा. प्लांटमध्ये अजून ओळखी आहेत, परवानगी मिळाली तर एकदा भट्टीही दाखवून आणतो, म्हणाला. पटवायला नाही, शिकतो आहेस ते काय आहे ते कळायला. मुलानं दुसऱ्या दिवशी सकाळी मेटलर्जीची जागा फ्रीझ केली.

एप्रिलच्या पेपरवर मात्र आमचं जमलं नाही. दादाचं म्हणणं, जानेवारीत आलं ते आलं, एप्रिलमध्ये तो रायपूरच्याच अभ्यासात असला पाहिजे. मी म्हणते, दोन्हींपैकी जास्तीचे गुण धरले जातात, मग नियमानं दिलेली संधी आपण काय म्हणून कापायची, एकदा द्यायची तर पूर्ण द्यावी. त्यावर दादा म्हणाला, मग पुढच्या वर्षी व्हीएनआयटी मिळाली नाही तर हा पोरगा रायपूरच्या वर्गात कुठल्या तोंडानं बसेल? मी म्हटलं, त्याच तोंडानं, गुण चांगले असले की झालं. फोनवर अजूनही हे बोलणं निघालं की आम्ही दोघं आपापल्या जागी असतो. मुलगा मधून रायपूरहून विचारतो, एप्रिलचं काय ठरलं?